प्रभुभोजनाआधीचा एक आठवडा आणि नंतरचे तीन: ख्रिस्ताचे बलिदान जगण्यात उतरवण्याचा क्रम

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी बारा ते तीन क्रूसावरील सात उद्गारांवरची मनने ऐकून, डोळे पुसत घरी आलेला माणूस सोमवारी सकाळी त्याच भावाशी अबोला धरतो आणि त्याच बहिणीचा हिस्सा दाबून ठेवतो. अशा माणसाची श्रद्धा खोटी असतेच असे नाही. बहुतेक वेळा त्याचा क्रम चुकलेला असतो. तो आधी काहीतरी सोडतो, म्हणजे मटण, चहा किंवा रात्रीची मालिका. मग त्या सोडण्याचे समाधान मानतो, आणि ज्याच्या दारी जायला हवे होते त्याच्या दारी जाणे राहूनच जाते. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुणांच्या प्रभुभोजन तयारीच्या वर्गात मी अनेक वर्षे बसतो आहे. प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. त्याच त्या चुका दर वर्षी दिसतात, आणि त्या तरुणांपेक्षा त्यांच्या आईवडिलांकडून अधिक होतात, म्हणून हा क्रम लिहून काढला आहे.

पुष्कळ मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते, म्हणून त्या रविवारच्या आधीचा एक आठवडा आणि नंतरचे तीन आठवडे असा हिशेब येथे धरला आहे. कॅथलिक वाचकांनी रविवारच्या ऐवजी पहिला शुक्रवार किंवा आपल्या कुमसाराचा, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापे कबूल करण्याचा, दिवस धरावा. क्रम तोच राहतो.

## तयारी: वही, वेळ आणि एक कडक नियम

शंभर पानी साधी वही, पेन आणि पवित्र शास्त्र एवढेच साहित्य लागते. पवित्र शास्त्र शक्यतो छापील असावे, कारण मोबाईलवर वाचायला बसलेला माणूस दहाव्या मिनिटाला दुसरेच काही वाचत असतो. रोज वीस मिनिटे पुरतात, पण ती अशा वेळी काढावीत की घरातील दुसऱ्या कोणावर त्यांचा बोजा पडणार नाही. स्वयंपाकघरात पत्नी एकटी राबत असताना पुढच्या खोलीत बलिदानावर मनन करत बसणे ही या कामाची वाईट सुरुवात आहे.

वहीच्या पानावर चार उभे रकाने आखावेत: कोण, माझ्याकडून काय घडले, आता कोणते पाऊल, कोणत्या दिवशी. नावाऐवजी आद्याक्षर लिहावे, कारण वही कोणाच्याही हाती पडू शकते.

कडक नियम असा की, दुसऱ्याने आपले काय केले हे या वहीत लिहायचे नाही. तसा रकानाच ठेवायचा नाही. एकदा तो रकाना आला की वहीचे आरोपपत्र होते आणि चार दिवसांत आपण फिर्यादी होऊन बसतो.

आठवड्याची आखणी साधारण अशी करावी: रविवारी संध्याकाळी वाचन, सोमवारी आत्मपरीक्षण, मंगळवारी कबुली, बुधवार ते शुक्रवार भेटी आणि भरपाई, शनिवारी शांतता. भेटी पुढे ढकलून सगळे शनिवारवर टाकणाऱ्यांच्या भेटी होत नाहीत, हे अनुभवाने सांगतो.

## टप्पा १: आधी घ्यावे, मग द्यावे

रविवारी संध्याकाळी मार्ककृत शुभवर्तमानाचे १४ आणि १५ हे दोन अध्याय एका बैठकीत मोठ्याने वाचावेत. दोन्ही मिळून ११९ वचने आहेत. घाई न करता वाचली तरी अर्ध्या तासाच्या आत संपतात. वाचताना तीन गोष्टी टिपाव्यात: येशूला काय केले गेले, येशूने काय केले, आणि करू शकत असूनही त्याने काय केले नाही.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, आणि रोजच्या जगण्यात तीच सर्वांत अधिक उपयोगी पडते. महायाजकापुढे खोट्या साक्षी होत असताना तो उगा राहिला (१४:६१). बोळ (एक कडू सुगंधी डिंक) मिसळलेला द्राक्षारस पुढे केला असता त्याने तो घेतला नाही (१५:२३). क्रूसावरून खाली उतर, असे डिवचले असता तो उतरला नाही (१५:३०). ज्या माणसाला घरातल्या भांडणात शेवटचा शब्द आपलाच असावा असे वाटते, त्याने एवढी तीन वचने जवळ ठेवली तरी त्याला आठवडाभर पुरतील.

त्यानंतर इब्री लोकांस पत्राच्या १० व्या अध्यायातील ११ ते १८ ही वचने वाचावीत. तेथे एक बारीक तपशील आहे. जुन्या व्यवस्थेतील याजक दररोज सेवा करत उभा असतो, कारण त्याचे काम संपतच नाही. ख्रिस्त मात्र एकच यज्ञ अर्पून देवाच्या उजवीकडे बसला. काम पुरे झालेला माणूसच बसतो. मराठीत कर्ज ‘फेडणे’ आणि कर्ज ‘फिटणे’ ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. पहिल्यात आपण काही करतो, दुसऱ्यात ते आपल्या बाबतीत घडलेले असते. या टप्प्यावर मनात ‘फिटले’ हेच क्रियापद असले पाहिजे.

नेहमीची चूक. आपल्या बोलण्यात नवसाची भाषा इतकी मुरलेली आहे की ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळातील त्यागही आपण नवसासारखा बोलतो: मुलीचे लग्न जमावे म्हणून चाळीस दिवस मटण सोडले. हा सौदा झाला. ख्रिस्ताच्या बलिदानात जी बाकी उरलेलीच नाही, तिचे हप्ते भरण्याचा हा प्रकार आहे, आणि हप्ते भरणारा माणूस हळूहळू न भरणाऱ्यांकडे तुच्छतेने पाहू लागतो.

पडताळणी. वहीत एक प्रश्न लिहावा: देवाने माझा स्वीकार करावा म्हणून माझ्याकडून अजून काय भरायचे आहे? उत्तर ‘काही नाही’ असे मनापासून लिहिता येईपर्यंत दुसऱ्या टप्प्यावर जाऊ नये. दोन दिवस अधिक लागले तरी चालतील.

## टप्पा २: आत्मपरीक्षण, पण योग्य ठिकाणी

प्रभुभोजनाआधी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी हे प्रेषित पौलाचे सांगणे (१ करिंथकरांस ११:२८) सर्वांना पाठ असते. ते कोणत्या प्रसंगावरून सांगितले, हे मात्र फारसे वाचले जात नाही. करिंथमध्ये झाले होते ते असे: सुखवस्तू लोक आपापले जेवण आधीच उरकत, गरीब उपाशी राहत, आणि एकीकडे कोणी पिऊन मस्त झालेला असे. म्हणजे परीक्षा मनातल्या धूसर अपराधी भावनेची नाही, जेवणाच्या पंगतीची आहे. सोमवारी वही उघडल्यावर प्रश्न तेथूनच सुरू करावेत.

आपल्या घरी सर्वांत शेवटी कोण जेवते, आणि तोपर्यंत पातेल्यात काय उरलेले असते? भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा कप वेगळा ठेवला आहे का? तिच्या सुट्ट्यांचे पैसे कापले, तेव्हा आपल्या कचेरीत आपल्यालाही तसेच कापले असते तर चालले असते का? रविवारी मंडळीत ज्याच्या शेजारी बसतो त्याच्या घरी आपण कधी पाणी प्यायलो आहोत का? मुलीसाठी स्थळ पाहताना ‘आपल्यातलेच’ हवे असे म्हणतो, तेव्हा ‘आपल्यातले’ म्हणजे नक्की कोण अभिप्रेत असतात? हा शेवटचा प्रश्न मी वर्गात विचारतो तेव्हा खोलीत शांतता पसरते. बाप्तिस्म्याच्या पाण्यातून जात धुतली गेली असे व्यासपीठावरून सांगणारी माणसे लग्नाच्या बैठकीत आजोबांचे मूळ गाव आणि वस्ती विचारतात, हे आपल्यापैकी कोणालाच नवीन नाही.

मग जीभ, पैसा आणि अधिकार ही तीन क्षेत्रे घ्यावीत: कोणाविषयी काय बोललो, कोणाचे काय देणे आहे, आणि ज्याला उलट बोलता येत नाही अशा कोणाशी कसे वागलो.

सावधान. काही माणसे येथे उलट्या दिशेने घसरतात. त्यांना प्रत्येक गोष्टीत आपला दोष दिसू लागतो आणि झोप उडते. अशांनी यादी पाच नोंदींवर थांबवावी आणि पहिल्या टप्प्याचे वाचन पुन्हा करावे.

## टप्पा ३: कबुली

मंगळवारची कबुली दहा मिनिटांची असते, पण तिची भाषा नेमकी असली पाहिजे. ‘काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा’ हे आपल्याकडचे निरोपाचे वाक्य आहे, कबुलीचे नव्हे. त्यातला ‘असेल तर’ सगळे वाक्य पोकळ करतो. वहीतील प्रत्येक नोंद देवापुढे पूर्ण वाक्यात म्हणावी: ‘मी मार्चमध्ये बहिणीला न विचारता आईच्या खात्यातून रक्कम काढली.’ कर्ता ‘मी’, क्रियापद भूतकाळी, कारण काही नाही.

कॅथलिक वाचक हे धर्मगुरूंपुढे कुमसारात करतील. इतरांनी, जड गोष्ट असेल तर, एखाद्या विश्वासू आणि पोटात ठेवणाऱ्या माणसापुढे ती बोलावी, कारण याकोबाच्या पत्रात (५:१६) एकमेकांजवळ पापे कबूल करावीत असे सांगितले आहे. असा माणूस निवडताना एकच कसोटी लावावी: त्याने आजवर दुसऱ्या कोणाची गोष्ट आपल्याला सांगितली आहे का? सांगितली असेल तर आपलीही तो सांगेल.

## टप्पा ४: त्या माणसाकडे जाणे

सर्वांत अवघड आणि म्हणून सर्वांत जास्त वेळा गाळला जाणारा टप्पा हा आहे. वेदीपाशी अर्पण आणले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा, असे येशूने सांगितले (मत्तय ५:२३-२४). त्याच शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात उलट परिस्थिती आहे: भावाने आपला अपराध केला असेल तरी आपणच एकांतात त्याच्याकडे जायचे. दोन्ही वचने शेजारी ठेवली की ‘आधी त्याने यावे’ या वाक्याला जागाच उरत नाही. चूक कोणाचीही असो, उंबरठा ओलांडायचा तो आपण.

जाण्याआधी चार गोष्टी ठरवाव्यात. स्वतः जावे. व्हॉट्सॲपवरचा लांबलचक मजकूर म्हणजे जाणे नव्हे, आणि आवाज नसल्यामुळे तो निम्म्या वेळा उलटाच वाचला जातो. माणूस परगावी किंवा परदेशी असेल तर फोन करावा, मजकुरावर भागवू नये. एकटे जावे. मध्यस्थ, पाळक किंवा पत्नी यांना पहिल्याच भेटीत बरोबर नेले की समोरच्याला आपल्यावर शिष्टमंडळ आले असे वाटते. वेळ संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यानची निवडावी, जेवणाची नको आणि रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारातली तर मुळीच नको. आणि जाताना फळे, मिठाई असे काही नेऊ नये, कारण भेटवस्तू हाती असली की समोरच्याला राग दाखवण्याची मोकळीक राहत नाही.

बोलायचे फक्त तीन वाक्यांत. मी अमुक केले. ते चुकीचे होते. त्यासाठी मी क्षमा मागायला आलो आहे. यानंतर गप्प राहायचे.

हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. सामाईक घराच्या पत्र्यांच्या खर्चावरून माझा आणि माझ्या थोरल्या चुलतभावाचा सात वर्षे अबोला होता. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पंधरा मिनिटे बोललो. ‘दादा, माझं चुकलं’ असे म्हणालो खरे, पण तिसऱ्याच वाक्यात ‘पण’ आला, त्यामागून पावत्या आल्या, पावत्यांमागून वडिलांचे शब्द आले. ते ऐकत राहिले, आणि शेवटी ‘चहा घे आणि नीघ’ एवढेच बोलले. चहा मी घेतलाच नाही, जी आणखी एक चूक होती. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो आणि तीन वाक्ये बोलून थांबलो. ते बराच वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत बसले. त्यांनी क्षमा केली असे काही म्हटले नाही. आतल्या खोलीकडे तोंड करून ‘दोन चहा टाक गं’ एवढे म्हणाले, आणि मग पावसाविषयी बोलू लागले. आमच्याकडे समेट बहुधा असाच होतो. त्याला शब्दांत बांधण्याचा आग्रह धरू नये.

नेहमीच्या चुका. क्षमा मागितल्याबरोबर उत्तराची अपेक्षा करणे. आपल्या क्षमेच्या बदल्यात समोरच्याकडून क्षमा मागवणे. परत येऊन ‘मी माझं कर्तव्य केलं, आता तो जाणे’ असे चारचौघांत सांगणे. शेवटची चूक सर्वांत घातक आहे, कारण ती समोरच्याच्या कानी त्याच रात्री जाते.

सावधान, आणि हे दोनदा वाचावे. नवऱ्याचा किंवा सासरच्यांचा मार सोसणाऱ्या स्त्रीला ‘हा तुझा क्रूस आहे, वाहा’ असे सांगणे हा ख्रिस्ताच्या बलिदानाचा अर्थ नव्हे, तो त्याचा गैरवापर आहे. ख्रिस्ताने आपला जीव स्वतः होऊन दिला, कोणी तो हिरावून घेतला नाही (योहान १०:१८). आणि थोबाडीत मारणाऱ्या शिपायाला त्यानेही ‘मला का मारतोस?’ असे विचारले (योहान १८:२३). अशा ठिकाणी चौथा टप्पा लागू होत नाही. आधी सुरक्षित ठिकाणी जावे. महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत, आणि कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली असेल तर ती ‘मंडळीतल्या मंडळीत’ मिटवता येत नाही. पॉक्सो कायद्याने, २०१२ पासून, ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मनातून क्षमा करणे आणि पुन्हा त्याच्या हाताखाली जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

## टप्पा ५: भरपाई

कबुलीनंतर आणि प्रभुभोजनाच्या मेजापाशी जाण्याआधी भरपाई येते, हा क्रम जुन्या कराराइतका जुना आहे. त्यातील लेवीय या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात, फसवून किंवा दाबून घेतलेली वस्तू पुरी परत करावी, तिच्यात पाचवा हिस्सा घालावा, ती ज्याची त्याला द्यावी आणि मग दोषार्पण (अपराधाबद्दलचा यज्ञबळी) आणावे असे सांगितले आहे. म्हणजे दहा हजार दाबले असतील तर बारा हजार परत. जकातदार जक्कयाने चौपट देण्याची तयारी दाखवली (लूक १९:८). यावरून टक्केवारीचा नियम काढायचा नाही. पण फक्त मुद्दल परत करताना मधल्या वर्षांत समोरच्याने काय सोसले याचा विचार झालेला नसतो, एवढे ध्यानात घ्यावे.

आपल्या घरांत सर्वांत मोठी न झालेली भरपाई बहिणींची असते. वडील वारल्यावर भाऊ बहिणीला माहेरी बोलावतात, साडी देतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. ती ‘भावांचं घर तुटायला नको’ म्हणून सही करते, आणि भाऊ त्याला तिचा त्याग म्हणतात. त्याग तिने केला हे खरे, पण त्याचा फायदा घेणाऱ्याने त्याला बलिदानाचे नाव देऊ नये. मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती माणसाची मालमत्ता महाराष्ट्रात भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार वाटली जाते. मागे पत्नी आणि मुले असतील तर पत्नीला एक तृतीयांश, आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांना सारखे, मुलगा-मुलगी हा भेद न करता. आई, दोन भाऊ आणि एक बहीण असे कुटुंब असेल तर नऊ भाग करावेत: आईला तीन, तिन्ही भावंडांना दोन-दोन. गोव्यात दिवाणी कायदा वेगळा आहे, तेथील वाचकांनी स्थानिक वकिलाला विचारावे. सही झालेली असेल तरी तिच्या हिश्श्याची रक्कम आजच्या बाजारभावाने देण्याला कोणताही कायदा आडवा येत नाही. कागद कसे करावेत एवढ्यापुरता वकील लागतो. द्यावे की नाही हे ठरवायला लागत नाही.

नावाची भरपाईही पैशाइतकीच नेमकी करावी. ज्या ग्रुपवर कोणाची बदनामी केली त्याच ग्रुपवर, तेवढ्याच ठळकपणे, ‘मी लिहिले ते खरे नव्हते’ असे लिहावे. खासगीत दिलगिरी आणि जाहीर बदनामी यांचा हिशेब जुळत नाही.

ज्याचे देणे आहे तो हयात नसेल तर त्याच्या वारसांना द्यावे. जुन्या करारातील गणना या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात, घ्यायला जवळचा नातलगच नसेल तर ती रक्कम परमेश्वराची होऊन याजकाकडे जाते, अशी तरतूद आहे. हा मार्ग शेवटचा आहे. वारस शेजारच्या तालुक्यात राहत असताना दानपेटीत पैसे टाकून मोकळे होणे म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने दान करणे होय.

पडताळणी. एकरकमी देणे जमत नसेल तर पहिला हप्ता या आठवड्यातच द्यावा आणि उरलेल्यांच्या तारखा लिहून समोरच्याला द्याव्यात. तारीख नसलेले वचन मोजू नये. घरकाम करणाऱ्या बाईंचा किंवा गड्याचा पगार थकला असेल तर रविवारच्या दानाआधी तो द्यावा.

## टप्पा ६: मेजापाशी

शनिवारी संध्याकाळी नवीन काही करू नये. वही मिटवावी, लवकर झोपावे.

रविवारी दोन प्रकारची माणसे अडखळतात. काही जण सवयीने पुढे जातात. त्यांच्यासाठी वरचे पाच टप्पे आहेत. दुसरे जण ‘मी लायक नाही’ म्हणून वर्षानुवर्षे मागच्या बाकावर बसून राहतात. त्यांच्यासाठी एवढेच सांगावेसे वाटते की, १ करिंथकरांस ११:२७ मध्ये पौल अयोग्य रीतीने खाण्यापिण्याविषयी बोलतो. तो शब्द खाण्याच्या रीतीविषयी आहे, खाणाऱ्याच्या लायकीविषयी नाही. लायक माणसांसाठी ते मेज मांडलेलेच नव्हते. पहिल्या रात्री त्याभोवती बसलेले सगळे पहाट होण्याआधीच पळून गेले होते (मार्क १४:५०).

समेटासाठी गेलो आणि दार उघडले नाही, तर? रोमकरांस १२:१८ मध्ये, शक्य असेल तर, आपल्याकडून होईल तितके, सर्वांबरोबर शांतीने राहावे असे म्हटले आहे. आपल्याकडचा भाग झाला असेल तर मेजापाशी जावे. झालाच नसेल, म्हणजे आपण गेलोच नसू, तर आधी जावे. गंभीर प्रकरणात पाळकांना किंवा धर्मगुरूंना विचारावे, कारण याबाबत निरनिराळ्या मंडळ्यांचे नियम निराळे आहेत.

## टप्पा ७: नंतरचे तीन आठवडे

आता ‘देण्या’ची वेळ येते. आपले शरीर जिवंत यज्ञ म्हणून देवाला द्यावे, हे आवाहन रोमकरांस पत्राच्या १२ व्या अध्यायात येते, पहिल्या नाही. आधीच्या अकरा अध्यायांत देवाने काय केले ते सांगून झाल्यावर ‘म्हणून’ असे म्हणत पौल तेथे पोहोचतो.

दर आठवड्याला एकच काम निवडावे आणि ते अंगमेहनतीचे असावे. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने उपदेशाआधी रुमाल कंबरेला बांधला आणि पाय धुतले, त्यात त्याला धरून देणाऱ्याचेही होते. कामाच्या तीन अटी आहेत: ते आपल्या दर्जाखालचे वाटावे, ज्याच्यासाठी केले त्याला परतफेड करता येऊ नये, आणि त्याचा फोटो निघू नये. सरकारी दवाखान्यात एकट्या असलेल्या रुग्णाजवळ एक रात्र बसणे, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचे सकाळचे सगळे करणे आणि तेवढा वेळ पत्नीला झोपू देणे, सणानंतर मंडळीची स्वच्छतागृहे धुणे ही नमुन्यादाखल कामे. पुरुष वाचकांना एक सूचना: घरातल्या ज्या कामासाठी पत्नीचे कधी कोणी कौतुक करत नाही, तेथून सुरुवात करावी, आणि आपणही कौतुकाची वाट पाहू नये.

उपवासकाळ चालू असेल तर सोडलेल्या पदार्थाची किंमत लिहून ठेवावी आणि तेवढी रक्कम आठवड्याच्या शेवटी गरजूच्या हाती पोहोचवावी. यशयाच्या ५८ व्या अध्यायात खरा उपास म्हणजे भुकेल्याला आपल्यातले देणे असे सांगितले आहे. शुक्रवारी मटण सोडून पापलेट आणणाऱ्यांचा हिशेब मात्र उणे निघतो, हे नमूद करून पुढे जातो.

नेहमीची चूक. गुडघेदुखी, तापट साहेब, लोकलची गर्दी यांना ‘माझा क्रूस’ म्हणणे. सोसण्यावाचून जे टळत नाही ते दुःख आहे, आणि देव त्यातही जवळ असतो. पण लूक ९:२३ मधील क्रूस ‘दररोज’ स्वतः होऊन ‘उचलायचा’ असतो. जो खाली ठेवून निघून जाता आले असते, आणि तरी दुसऱ्यासाठी उचलला, तोच त्या अर्थाने क्रूस.

चौथ्या आठवड्याच्या अखेरीस, पुढच्या प्रभुभोजनाच्या आधी, वही पुन्हा उघडावी. पुऱ्या झालेल्या नोंदींचे पान फाडून जाळावे, कारण कबूल केलेल्या अपराधांची दप्तरे ठेवायची नसतात. अपुऱ्या नोंदी नव्या पानावर उतरवाव्यात आणि चौथ्या रकान्यात नवी तारीख घालावी. एकच नाव तीन महिने सलग उतरवले जात असेल, तर पाऊल फार मोठे ठरवले आहे असे समजावे. भेट जमत नसेल तर फोन, फोन जमत नसेल तर त्याच्या मुलाच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी दोन ओळींचे अभिनंदन, एवढे लहान पाऊल लिहावे आणि तारीख मात्र त्याच आठवड्यातली घालावी.